खोकंभर राउटर

३ फेब्रुवारी
समुद्रकाठचं एक हॉटेल बंद पडलं. त्यांचे खोकंभर राउटर आमच्या गावच्या फुकट वाय-फाय मंडळाला मिळाले. मंडळ म्हणजे मी आणि चर्चचे पास्टर हिलमर. राउटर झकास. फक्त आमचं मुक्त फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, त्यांच्यावर धड चालत नाही, वेगवान वाय-फाय उठतच नाही. बैठकीत जाहीर केलं, ईस्टरपर्यंत हा बग मी काढतो. घरी आंकेने विचारलं, "तू आधी कधी काढलायस?" बायकोला सांगितलं, गेली कित्येक वर्षं मी इतरांचा कोड वाचतोय. लिहिणं त्यापुढे किरकोळ.

८ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
रोज पाचला उठून काम करायचा निश्चय. आज रस्त्यावर बर्फ, म्हणून उठलो नाही. काम घरातच आहे, असं आंके म्हणाली. तिला तांत्रिक बाबी कळत नाहीत.

१५ फेब्रुवारी
मोठं यश! राउटरचा हिरवा दिवा लाल लागायचा, तो आता हिरवा लागतो. वाय-फाय नाही, पण निदान हिरव्या दिव्यात नाही. दुरुस्तीचा कोड, म्हणजे पॅच, पाठवला. आलेले पॅच टावी तपासतो, एस्टोनियात बसून. त्याचं उत्तर: ओळींचे समास चुकलेत, आणि कारखान्याच्या मूळ फर्मवेअरची प्रत काढून ठेवलीस ना? कामाची छाप पडलेली दिसते. नाहीतर एवढी चौकशी कोण करतं.
प्रत काढलेली नाही. ती भित्र्यांसाठी असते.

२२ फेब्रुवारी
पहिला राउटर गेला. दिवा नाही, धुगधुगी नाही. अशाला आमच्यात वीट म्हणतात.

२३ फेब्रुवारी
तीच कमांड दुसऱ्यावर चालवून पाहिली. खात्री झाली.

१ मार्च
खात्री जरा जास्तच झाली. खोक्यात आता बहुतेक विटाच. टावीला कडक मेल लिहिली, तुमच्या सूचना अपुऱ्या आहेत. त्याने सूचनांची लिंक पाठवली. पहिलीच ओळ, ठळक अक्षरांत: आधी प्रत काढा. एवढं ठळक लिहिलं की माणूस वाचतच नाही.

११ मार्च, दुपारी
चाललं!! शेवटच्या जिवंत राउटरवर वेगवान वाय-फाय उठलं. स्वयंपाकघरात पकडतं. जिन्यात नाही, पण जिन्यात कोण बसतं? हा थेट चर्चच्या मनोऱ्यावर लावणार. पास्टर म्हणाले, "अहो एकहार्ट, तिथला जुना चालतोय की. चालतंय ते कशाला काढता?" धार्मिक माणसं. प्रगतीला घाबरायचीच.

१२ मार्च
जुना काढताना हातातून निसटला. घंटेवर आपटून खाली. आवाज मात्र सुरेल आला. नवा लावला. दुपारपर्यंत चालला. मग वीट.

१३ मार्च
शेजारच्या फ्राऊ क्नोके चर्चसमोरच्या बाकावर फोन उंच धरून बसल्या होत्या. त्यांचे यजमान रोस्टॉकच्या इस्पितळात आहेत. पक्षाघात, वाचा गेली. रोज चार वाजता या बाकावरून त्या त्यांच्याशी बोलतात, ते बघतात. गावात मोबाइलची रेंज नाही, आमचं वाय-फाय तेवढं. म्हटलं, उद्या नक्की. म्हणाल्या, "घाई करू नका हो, तुमचं काम डोक्याचं."

१४ मार्च
उद्या.

१६ मार्च
मनोऱ्यावर पुन्हा चढलो. वरून गाव छान दिसतं. बाकही दिसतं.

१७ मार्च
आंके फ्राऊ क्नोकेंना गाडीने रोस्टॉकला घेऊन गेली. मला कोडचं काम होतं. जेवताना म्हणाली, "भिंतीकडे तोंड करून पडला होता तो. नर्स सांगत होती, चार वाजले की फोनच्या पडद्याकडे बघत बसायचा, मग बघेनासा झाला. बायकोने टाकलं असं वाटलं असेल त्याला." मी म्हटलं, बहुधा अँटेनाचा कोन चुकला असावा. आंके उठून गेली. बटाटे तसेच राहिले. माझेही.
टावीला फ्राऊ क्नोकेंचं सगळं लिहिलं. उत्तर लगेच आलं. पहिल्यांदाच कोडबद्दल अवाक्षर नाही: "जो चालत होता तो परत लाव."
तो घंटेखाली तुकड्यांत आहे, हे कळवलं नाही.

१९ मार्च
पास्टरांनी दुकानातून राउटर आणला, लावला, बटण दाबलं. चालू. आत कसलं फर्मवेअर आहे कोणालाच ठाऊक नाही. मी तत्त्वतः निषेध केला. तेव्हा जवळपास कोणी नव्हतं.
चारला फ्राऊ क्नोके बाकावर. बेकरीतलं कुणाचं तरी भांडण यजमानांना रंगवून सांगत होत्या. मला बघून फोन माझ्याकडे वळवला: "हे बघ, यांनी किती खटपट केली आपल्यासाठी!" यजमानांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. बोलता येत नसल्याने मत कळलं नाही.

६ एप्रिल, ईस्टर सोमवार
बग निघाला. चिलीतल्या कुणा दंतवैद्याने काढला. एक अंक चुकला होता. मी तो रोज बघत होतो.
टावीने सगळ्यांना लिहिलंय, ज्यांच्याकडे हे मॉडेल आहे त्यांनी तपासून कळवावं. खाली माझ्यासाठी वेगळी ओळ: "एकहार्ट, तुझ्याकडे तर भरपूर आहेत. फार मदत होईल."
मेल सकाळपासून उघडी आहे. आंकेने विचारलं, काय लिहितोयस? म्हटलं, काही नाही.
खरंच काही नाही.