डाव्या कडेवरचं मूल

"मॅडम, तुम्ही आरशातलं लिहून घेतलंय. आईचा वाकलेला हात डावा होता."

सतरा वर्षांपूर्वी, विद्यापीठाच्या परीक्षेत, बाईंची लेक मला हे म्हणाली. एरवी ती मला 'ताई, तू' म्हणायची, आणि मी तिला 'छोटी'.

मी, वय सत्तेचाळीस, अविवाहित, विद्यापीठाच्या नृत्य विभागात प्राध्यापक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझी शस्त्रक्रिया आहे. भीती वाटते, पण डोकं ठिकाणावर आहे. कोणीही दबाव आणलेला नाही. आणला असता तर हे फार पूर्वीच लिहून झालं असतं.

कलम एक. दोन खोल्यांचं घर आणि बँकेतली ठेव दादाला. "नाचायला पदवी कशाला लागते? पाय आहेत ना?" असं तो दर जेवणाला विचारायचा, आणि प्रत्येक तालमीनंतर मला न्यायला फाटकाशी उभाही तोच असायचा. मोठा आरसा वहिनीला. तिने तो दोनदा मागितला, दोनदा मी नाही म्हटलं. वहिनी, चुकलंच माझं.

कलम दोन. पुस्तकं विभागाच्या ग्रंथालयाला. विभागप्रमुखांच्या कपाटात एकही जाऊ नये. तिथून पुस्तक परत आल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

कलम तीन. माझा प्रबंध. याबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल.

बाई म्हणजे माझ्या गुरू. त्यांची सर्वांत गाजलेली रचना त्यांनी लेक सहा महिन्यांची असताना बसवली. मुलीला धरायला घरात कोणी नव्हतं. मूल डाव्या कडेवर, उजवा हात मोकळा. म्हणून पहिल्या भागात डावा हात वाकलेलाच राहतो आणि कंबर त्या अंगाला किंचित झुकते. लेक मोठी झाली, तरी बाईंनी तो हात कधी सरळ केला नाही.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा माझा गुडघा कामातून गेला होता. मी नाचत नव्हते, नाच लिहून घेत होते. तालमीत बाईंच्या पाठीमागे कोपऱ्यात वही घेऊन बसायचे आणि समोरच्या आरशात बघून आकृत्या काढायचे. आरशातल्या बाई माझ्याकडे तोंड करून उभ्या आहेत असं धरून मी उजवं-डावं लिहिलं. दोनशे चौदा पानं उलटी झाली. प्रबंध पुरा होण्याआधी बाई गेल्या. त्या पानांवर मला पीएचडी मिळाली, पीएचडीवर नोकरी.

मग त्यांची लेक एम.ए.ला आली आणि परीक्षेत तिने तीच रचना केली, डावा हात वाकवून. विभागप्रमुखांनी माझा प्रबंध उघडून बोट ठेवलं, "इथे तर उजवा आहे." तेव्हा ती ते वाक्य बोलली. मी गुणपत्रिकेवर लिहिलं, 'मूळ रचनेशी विसंगत.'

दुसऱ्या दिवशी घरी आरशासमोर डाव्या कडेवर उशी घेऊन उभी राहिले. आरशातलीचा उजवा हात वाकलेला दिसला आणि मला सगळं कळलं. निकालाला नऊ दिवस होते. माझी नोकरी कायम व्हायची होती. नऊ दिवस मी गप्प बसले. ती नापास झाली, विद्यापीठ सोडून गेली. मी मात्र पुढची सतरा वर्षं दर तुकडीला तेच उलटं शिकवत राहिले.

कलम चार. प्रबंध चुकीचा आहे आणि ती परीक्षा रद्द धरावी, असं पत्र मी आज सकाळी कचेरीत देऊन आवक क्रमांक घेतला. विभागप्रमुख म्हणाले, "अहो, डावं काय नि उजवं काय! झाकली मूठ राहू द्या."

"मूठ माझी नाही, सर," मी म्हटलं.

पत्र मरणानंतरसाठी ठेवलं नाही. शस्त्रक्रियेतून वाचले तर पुन्हा गप्प बसेन. माझा मला भरवसा नाही.

कलम पाच. माझ्या सगळ्या वह्या आणि बाईंची ताल द्यायची लाकडी पट्टी त्यांच्या लेकीला. 'लिहून ठेवणारी तू' म्हणून बाईंनी ती माझ्या हातात दिली होती. ती पट्टी ठेवून घेण्याचा मला काही हक्क नाही.

स्थळ : तालीम खोली क्रमांक तीन
दिनांक : १४ मार्च
सही : (प्राध्यापक)
साक्षीदार : १. विभागाचे ग्रंथपाल २. विभागातील तालवादक
दोघांच्या डोळ्यांदेखत मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी.

वकील म्हणाले, वस्तू मागे ठेवता येतात, माणसाला कामाला लावता येत नाही. म्हणून हे सह्यांच्या खाली.

छोटे, तू औषधांच्या दुकानात असतेस. मागे एकदा रस्त्यावरून पाहिलं. खोकं डाव्या कडेवर घेऊन उजव्या हाताने फळीवर बाटल्या लावत होतीस. आत यायचा धीर झाला नाही.

या खोलीत सध्या नऊ मुली आहेत. नऊही जणींचा उजवा हात वाकतो. आरशावर पडदा टाकायला सांगितलाय. माफी मागत नाही, ती मागायचीही माझी लायकी नाही. एक दिवस येऊन तुला कुठल्या कडेवर घेतलं होतं, तेवढं त्यांना दाखव. तू नाहीच म्हणशील, माहीत आहे. तरी विचारते.

येशील?