स्प्रूसला पाणी

९ फेब्रुवारी, रविवार
मंजिरी सकाळी पुण्याहून आली. गेल्या आठवड्यात मनालीला जाऊन आली होती. बाबांसाठी शाल आणेल असं वाटलं होतं. आणलं झाड. पाण्याची बाटली अर्धी कापून तिच्यात वीतभर रोप. स्प्रूस, हिमालयातल्या थंडीतलं सूचिपर्णी झाड. बी.एस्सी.ला असताना याचा शंकू बरणीत पाहिला होता, तेवढीच ओळख. मी स्पष्ट सांगितलं, सोलापुरात हे मे महिना बघणार नाही. म्हणाली, "आई, ते बाबांना दिलंय. तुला नाही."
हे खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून. ऑक्टोबरात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून असेच. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा ठेवल्यासारखा. रोप समोर धरलं तर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कुंडी."
चार महिन्यांत स्वतःहून मागितलेली पहिली वस्तू. संध्याकाळीच जाऊन मातीची कुंडी आणली.

१० फेब्रु.
रोप लावलं. इथली काळी माती अजिबात घेतली नाही, पाणी धरून ठेवते. वाळू, शेणखत, नारळाचा भुसा. तळाला खापरं. मागच्या अंगणात उत्तरेच्या भिंतीला ठेवलं, तिथं ऊन पोचत नाही. बोअरचं पाणी जड, ते द्यायचं नाही. नळाचंच. दर तिसऱ्या दिवशी एक फुलपात्र, माझ्या हातानं. इतर कुणी हात लावायचा नाही. घरात सगळ्यांना सांगितलं. सगळे म्हणजे हे आणि कामाला येणारी महादेवी.
मंजिरी दुपारच्या गाडीनं गेली.

१४ फेब्रु.
फिजिओवाली रेश्मा आली होती. भरलेलं फुलपात्र उजव्या हातानं वीस वेळा उचलायचं. यांनी दोनदा उचललं, तिसऱ्यांदा सोडून दिलं. मुद्दाम. "बालवाडी," म्हणाले. शब्द अजून जड येतात, पण रोख कळतो.
रेश्मा जाताना फाटकाशी म्हणाली, "काकू, हात वापरला नाही तर हात विसरतो. आता चार-पाच महिने आहेत. नंतर मी कितीही आले तरी फार उपयोग नाही."
मी दिवसातून दोनदा फुलपात्र भरून समोर ठेवते. हे त्यातलं पाणी डाव्या हातानं पितात.

६ मार्च
उन्हाचा चटका सुरू. स्प्रूसवर हिरवी जाळी बांधली. शेंड्याला तपकिरी टोपी घातलेला कोंब. तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण असा कोंब फुटताना पाहिला नव्हता. यांना सांगितलं तर म्हणाले, "माहीत आहे."
यांना कसं माहीत?

२० मार्च
खालच्या सुया पिवळ्या. बोट घातलं तर माती चिखल. मी तीन दिवस पाणी घातलेलं नाही. म्हणजे कुणीतरी घालतंय.
आज पाच दिवसांनी नळ आला. नळ आला की महादेवी पिंपातलं उरलेलं पाणी शिळं म्हणून झाडांना ओतते आणि पिंप ताजं भरते. मी तसं करायला नेहमीच मनाई करते, ती नेहमीच करते. तिला बोलावून विचारलं.
"बाई, मोगऱ्याला घातलं, कढीपत्त्याला घातलं. त्या झाडाला म्या हात बी लावला न्हाय."
"मग माती ओली कशी?"
"मला काय म्हाईत! तुमी सांगितलं तवापासनं मी तिकडं बघत बी न्हाय की."
मी म्हणाले, खोटं बोललेलं मला चालत नाही. तिनं खराटा आपटला आणि गेली.

२१ मार्च
महादेवी आली नाही. भांडी मी घासली.
दुपारी हे झोपले असं समजून मी आडवी झाले. मागे टाकीच्या नळाचा आवाज. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. हे उभे. डावा हात भिंतीला, उजव्या हातात फुलपात्र. नळाखाली धरलं, भरलं, निघाले. नळापासून कुंडीपर्यंत नऊ पावलं. निम्मं पाणी बनियनवर, पायांवर. उरलेलं झाडाला. परत नळाशी. पुन्हा नऊ पावलं.
मी मोजलं. अकरा वेळा.
दाराशी गेले नाही. मला तिथं पाहिलं असतं तर फुलपात्र खाली ठेवलं असतं.

२२ मार्च
महादेवी आली. मी म्हणाले, माझं चुकलं.
"मला ठावं हुतं की. सायब म्हणले, बाईला सांगू नको, बाई वरडंल."
ते खरंच आहे. मी ओरडले असते.
"रोज करतात?"
"व्हय. तुमी झोपला की. लई दिवस झालं." मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता, बाई. च्या टाका."

२४ मार्च
रेश्माला सांगितलं. तिनं यांची बोटं उलटसुलट करून पाहिली, मग मला बाहेर नेलं.
"काकू, काहीही करा, पण हे थांबवू नका."
"झाड कुजेल. मुळांना हवा मिळत नाहीये."
"अहो काकू, झाड आहे ते."
झाडही आहेच, असं मी म्हणाले. रेश्माला बोलणं लागलं असावं. उगाच.

२ एप्रिल
नळ नाही. टँकर. लिहिण्यासारखं काही नाही.

५ एप्रिल
आज रोप उपसून पाहिलं. एका बाजूची मुळं काळी, बुळबुळीत. कापली. कुंडीला आणखी तीन भोकं पाडली, वाळू वाढवली, कुंडी विटांवर चढवली. या दिवसांत मुळं हलवू नयेत, कळतं. दुसरा इलाज नव्हता. हे खुर्ची ओढून शेजारी बसले होते. मी मुळं मोकळी करताना तीनदा म्हणाले, "हळू." चौथ्यांदा म्हणाले तेव्हा मी म्हणाले, "मग तुम्हीच करा." तर खरंच उजवा हात पुढे आला. खोड धरून ठेवलं, मी माती भरेपर्यंत.

११ एप्रिल
मोगऱ्यालाही घालत जा, असं सहज बोलल्यासारखं सुचवलं. "मोगरा तुझा," म्हणाले.
दुपारी झाडाला बारा खेपा.

१७ एप्रिल
फुलपात्र उचलून कपाटात ठेवलं, नळाशी लहान वाटी ठेवली. हे वाटीकडे पाहून स्वयंपाकघरात आले, मांडणीवरचा तांब्या काढला आणि गेले. उजव्या हातानं. तांब्या!
रेश्मा खूश. मी खूश असायला हवं. पूर्वी निम्मं पाणी वाटेत सांडायचं. आता सांडत नाही. हात जसा सुधारतो तसं सगळं पाणी झाडाला पोचतं.

२६ एप्रिल
अर्धं झाड तपकिरी. हात लावला की सुया गळतात. ऊन म्हणावं तर पहिल्यांदा वाळायला हवी उन्हाकडची बाजू. वाळली आहे कापलेल्या मुळांकडची.
मंजिरीचा फोन. सगळं सांगितलं. म्हणाली, "आई, मैत्रीण जातेय तिकडे, तसंच दुसरं मागवते. बदलून टाक. बाबांना कळणार पण नाही."
मी म्हणाले, तुझ्या बाबांची सगळी नोकरी कोर्टाच्या नक्कल विभागात झाली. मूळ कुठलं आणि नक्कल कुठली ते त्यांना तू सांगणार?
"मग काय करायचं?"
ठरवते, म्हणाले. काही ठरलेलं नव्हतं.

४ मे
आज यांना सांगितलं. सरळ. "झाड उन्हानं नाही, पाण्यानं मरतंय. तुम्ही घालता त्या पाण्यानं."
माझ्याकडे पाहत राहिले. मग तांब्याकडे. जेवले नीट.

५ मे
हे मागे गेले नाहीत.

७ मे
खुर्ची पुन्हा भिंतीकडे. रेश्मा आली तर मान फिरवली. हात मांडीवर. तिनं मला विचारलं, "काकू, काही झालं का?" सांगितलं.
मुलांच्या वहीत चुकलं तिथं लाल फुली करायची. जन्मभर तेच केलं. फुली मारल्यावर त्या मुलाला पुन्हा पाटीवर कसं आणायचं, हे माझ्याकडे कधी फारसं नव्हतं. दुसऱ्या बाई ते करायच्या.

८ मे
सकाळी तांब्या भरून यांच्यासमोर धरला. "उठा. झाडाला पाणी घालायचंय."
"मरेल."
"मरेल तेव्हा बघू. उठा."
उठले नाहीत. मी उभीच. माझा हात भरून आला. शेवटी यांनी तांब्या घेतला, उजव्यानं, आणि विचारलं, "किती?"
याचा मी विचारच केला नव्हता. मी म्हणाले, "अर्धा."
गेले. ओतलं. मध्येच थांबवलं, तांब्या सरळ केला आणि उरलेलं अर्धं पाणी नऊ पावलं परत आणून माझ्या हातात दिलं. एक थेंब सांडला नाही. ओतून टाकणं सोपं. ओतता ओतता थांबणं, तेही त्या हातानं...
रेश्माला फोन करून सांगितलं. ती दोनदा "काय?" म्हणाली.

१९ मे
रोज सकाळी "किती?". रोज अर्धा. कधी पाव. हे तेवढंच घालतात, बाकीचं परत आणतात. दुपारच्या खेपा बंद. आज स्वतःच्या हातानं बनियनही घातलं. उलटं, पण घातलं.
झाड तसंच. शेंडा हिरवा, खाली काही उरलेलं नाही.

२९ मे
महादेवी म्हणाली, "बाई, त्याला आता पाणी नको हाय. बगा की, बुडाशी शेवाळ आलंय." मला दिसत नव्हतं असं नाही.

१२ जून
ढग येतात, जातात. हवा दमट, कुंडी आठ-आठ दिवस वाळत नाही. आज हे उठायच्या आधी बोट घातलं. दोन पेरं आतपर्यंत ओलं. शेंड्याचा कोंब दाबून पाहिला, मऊ लागला. नव्या वाढीनं मऊ की कुजून मऊ, कळलं नाही. पुस्तकात याचं उत्तर नाही. आज पाणी अजिबात नको होतं, आणि बहुधा आठवडाभर नको.
हे आले. दाढी स्वतः केलेली, हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं. तांब्या भरलेला, हात स्थिर. दारात थांबून विचारलं, "किती?"
अर्धा, मी म्हणाले.