सहा वाजून बारा मिनिटे

३ मार्च, रविवार. सायंकाळी ६ वाजून १२ मिनिटे.
कॉम्प्युटर बंद पडला. परदेशातल्या लेकीचा दर रविवारचा कॉल चालू होता. ती म्हणाली, "आई, रागावू नकोस, पण मी ठरवलंय..." आणि पडदा काळा. माझा हात माऊसवर होता, हा निव्वळ योगायोग. मनगटावरच्या घड्याळात वेळ पाहून लिहून ठेवली आहे. पुरावा असलेला बरा.

४ मार्च.
लेकीचा मेसेज: "नेहमीप्रमाणे कट केलंस ना?"
नेहमीप्रमाणे! उभ्या आयुष्यात फार तर चार वेळा मी रिसीव्हर आपटला असेल. कॉम्प्युटर बिघडल्याचे कळवले. तिने अंगठा पाठवला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगत, उत्तर पूर्ण वाक्यातच द्यावे. अंगठा हे वाक्य नव्हे.
निश्चय: मी आपणहून फोन करणार नाही. आई मी आहे.

५ मार्च.
जुन्या पडद्याचे अस्तर लावून कॉम्प्युटरच्या डब्याला जाड कव्हर शिवले. चारी बाजूंनी घट्ट. बिघडलेल्या वस्तूचीही निगा राखावी.

९ मार्च. सकाळी ११.
कॉम्प्युटर आज खरोखरच बंद पडला. म्हणजे, पुन्हा बंद पडला. वीस मिनिटे घरघरला, विझला, आपोआप सुरू झाला, परत विझला. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

१० मार्च, रविवार.
साडेपाचपासून खुर्चीत. इस्त्रीचे कपडे घातले, उगाच. सहा वाजले, कॉल नाही. सहा वीसला कॉम्प्युटर विझला. अशा यंत्रावर कोण कॉल करील? पोरीची चूक नाही.

१२ मार्च.
वायरी काढून पुन्हा लावल्या. धूळ पुसली. कव्हरला दोन नाड्या वाढवल्या. फरक नाही.

१७ मार्च, रविवार.
कॉल नाही. कॉम्प्युटर दोनदा बंद. हिशेब जुळतो.

१९ मार्च. दुपारी ४.
कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. आल्या आल्या "मावशी" म्हणाला. मी म्हटले, तुमच्या आईला बहीण असेल, पण ती मी नव्हे. दुरुस्तीची घाई नाही. आधी सहीनिशी लिहून द्या, की ३ मार्चला सहा बाराला हा आपोआप बंद पडला. लेकीला पाठवायचे आहे.
त्याचे लक्ष कव्हरकडे. "अहो मावशी, याला दुलई कशाला पांघरलीत? गुदमरतोय की बिचारा! तापला की बंद पडणारच." मी त्याला ऐकवले, की तीस वर्षे ऑफिसात टाइपरायटरवर कव्हर घातल्याशिवाय मी जिना उतरले नाही, आणि एकही टाइपरायटर गुदमरून मेला नाही.
मग त्याने पडद्यावर एक यादी उघडली. कॉम्प्युटरही रोजनिशी ठेवतो म्हणे. नऊ तारखेपासून अकरा वेळा आपोआप बंद. "पण तीन तारखेला आपोआप नाही हो. कुणीतरी व्यवस्थित शट डाऊन केलाय. सहा बाराला."
त्याने विचारले, "घरात आणखी कोण असतं?"
मी म्हटले, कुणी नाही.
त्याने कव्हर काढले, नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवले.

२० मार्च.
यंत्रे खोटे बोलतात. हे सर्वांना माहीत आहे.

२४ मार्च, रविवार.
कव्हर नाही. पाच ते आठ, सलग तीन तास चालला. एकदाही विझला नाही. निर्लज्ज.
कॉल नाही.

२५ मार्च. सकाळी १०.
लेकीस पत्र, ई-मेलने. मसुदा चौथा, आधीचे तीन फाडले.
"विषय: ३ मार्चचा कॉल.
तू इकडे परत येणार नाहीस, तिथेच कायमची राहणार आहेस, हे मी पूर्ण ऐकले होते. कॉम्प्युटर उत्तम चालू होता. मी बंद केला. त्यापुढेही तू काही बोलत होतीस. 'पण आई, तू' इथपर्यंत कानावर आले.
पुढचे कळवावे. पूर्ण वाक्यात. अंगठा ग्राह्य धरला जाणार नाही.
लेखी उत्तर रविवार, ३१ मार्च, सायंकाळी सहाच्या आत मिळावे. न मिळाल्यास सहा वाजून बारा मिनिटांनी मी स्वतः फोन करीन."