पेटीत डझन किती

९ मार्च, सोमवार
१. सकाळी पॅकहाऊसचे मालक भाऊ, त्यांनी तिथे बोलावले. आंब्याचा हंगाम तोंडावर असताना ते सहसा स्वतः फोन करत नाहीत.
२. टेबलापाशी मृण्मयी बसलेली. कॉलेजातली माझी रूममेट, मूळची कोल्हापूरची, आता पुण्याच्या एका नव्या कंपनीत.
३. मालाच्या हिशेबाचे आमच्या कंपनीचे सॉफ्टवेअर काढून त्यांचे बसवायचे का, हे भाऊ ठरवणार.
४. काढले तर रत्नागिरीत मला काम उरत नाही. पुणे ऑफिसला जावे लागेल. आमच्या ऑफिसातल्या सबनीस सरांनी हे मागेच सांगून ठेवले आहे.
५. गाठ एकमेकींशी आहे हे मला आज कळले. मृ.ला कधीपासून माहीत होते.

चहा झाला. कोणी आवाज चढवला नाही.

१० मार्च, मंगळवार
संध्याकाळी मृ.बरोबर मांडवीच्या किनाऱ्यावर. भेळ खाता खाता म्हणाली, "तुझी कंपनी म्हणजे लाल डबा की गं. खिडक्या वाजत्यात, सीट फाटलीय, आणि वर तुम्ही सांगणार, आम्ही किती वर्षं सेवेत आहोत ते."
विचारले, तुमची एसी स्लीपर मंडणगडला जाते का?
"मंडणगडला कोण जातंय?"
"मंडणगडची माणसं."
बराच वेळ हसत होती. मीही.

तरी बोचले. पुण्यात कुणालाही कंपनीचे नाव सांगितले की समोरचा चेहरा मऊ होतो, आजाऱ्याची चौकशी करताना होतो तसा. मावशीने आणलेल्या स्थळाने तर विचारले, "तिथे अजून नवीन माणसं घेतात?" त्याच नावावर खूश होऊन त्याच्या वडिलांनी पत्रिका मागितली होती. दोघे एकाच सोफ्यावर बसले होते.

१२ मार्च, गुरुवार
मृ.चा डेमो. फोनवरून नोंद, मोठी बटणे. भाऊंनी स्वतः दोन नोंदी केल्या आणि चष्मा न लावता केल्या, याचा त्यांना फार आनंद. माझ्याकडे वळून, "काय गो, तुमचं ते करडं पान असं कधी होणार?"
"मागणी पाठवली आहे, भाऊ."
"ती गेल्या हंगामात पाठवलीस."
खरे आहे.

एक गोष्ट मात्र माझ्याशिवाय कुणाला दिसली नाही. तिच्याकडे एक पेटी म्हणजे पाच डझन, कायमचे. डेमोत सगळ्या पेट्या पाच डझनांच्या होत्या म्हणून जुळले. इथे फळ मोठे असेल तर त्याच पेटीत चार डझन बसतात, बारीक असेल तर सहा. खरा माल यायला लागला की साठा पहिल्याच दिवशी चुकेल.

बोलले नाही.

१३ मार्च, शुक्रवार
आमच्यात हे कसे जमते ते पुन्हा उघडून पाहिले. प्रत्येक खेपेला वेगळे माप देता येते. ही सोय माझ्या जन्माआधीची आहे. आंब्यासाठी नसणारच. बहुधा कापडाच्या ताग्यांसाठी. सगळे तागे सारख्या लांबीचे नसतात, हे कुठल्या तरी गिरणीतल्या माणसाने तेव्हा कुणाला तरी सांगितले असेल, आणि त्या कुणी तरी ते ऐकून घेतले.

तिथवर पोचायला चार पडदे ओलांडावे लागतात. 'जतन करा'वर अजून फ्लॉपीचे चित्र. फ्लॉपी मी हातात धरलेली नाही.

मला हे सॉफ्टवेअर आवडते. मृ.ला सांगणार नाही.

१४ मार्च, शनिवार
मृ.ला फोन करून पेटीचे सांगितले. ती म्हणाली,
"हे तू मला का सांगतीयस?"
"भाऊंचा हिशेब चुकेल म्हणून."
"आणि तुझं काय?"
"ते वेगळं."
"मला वाटलं पेटी म्हणजे पेटी. आमच्याकडं गुळाची ढेप ठरल्या वजनाची असती की गं."
म्हटले, आंबा साच्यात ओतत नाहीत.
"गप बस," म्हणाली. मग थँक्यू.

१६ मार्च, सोमवार
मृ.ने दुरुस्ती पाठवली. चार, पाच, सहा, मुद्दाम एक अर्धवट पेटीही घालून तपासली. बरोबर आहे. एका रविवारात केले. आमच्याकडे तेवढ्या वेळात मागणीला क्रमांक मिळतो.

फोनवरच्या नोंदीचे विचारायला सबनीस सरांना फोन. "समितीपुढे ठेवलंय, बाळ. जरा धीर धर." सर याच कंपनीत पिकले. मी नवीन असताना शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि जुना कोड बोट ठेवून वाचून दाखवायचे. त्यांच्यावर रागावता येत नाही, हीच पंचाईत.

निघताना भाऊ दारापर्यंत आले. "तू सांग, काय करू? दोघींचं पाहिलंस. तू म्हणशील ते."
हे मला नको होते. शनिवारी सांगते म्हटले.
"शनिवारीच सांग हां. रविवारपासून मला मान वर करायला वेळ नाही."

घरी आईला सांगितले. ती म्हणाली, "मग सांग ना, आहे तेच ठेवा म्हणून." इतके सोपे आहे. एक वाक्य, आणि मी इथेच.

१७ मार्च, मंगळवार
सरांना मेल गेला. मजकूर असा:

सर,
पॅकहाऊसला फोनवरून नोंद हवी आहे. मागणी रास्त आहे. पेटीच्या मापात आपण पुढे होतो, आता नाही. समोरच्यांची चूक मीच त्यांना दाखवली, हे आपल्याला माझ्याकडूनच कळावे.
या हंगामात आपण ही सोय देणार का? हो किंवा नाही एवढेच हवे आहे. 'समितीपुढे आहे' हे मी 'नाही' असे धरेन, आणि शनिवारी भाऊंना त्यांचे सॉफ्टवेअर घ्या असे सांगेन. मला पुण्याला जावे लागेल, याची कल्पना आहे.
आपली कंपनी मला आवडते. ते यात धरू नये.
मध्ये पाडव्याची सुट्टी आहे. तरी कृपया शुक्रवार, २० मार्चपर्यंत उत्तर द्यावे.