पडद्याखालच्या ओळी

सोमवार, ९ तारीख
दुपार, आज सलून बंद

चष्म्याच्या दुकानातल्या काकूंना,

साष्टांग वगैरे जे काय घालतात ते घातलं असं समजा. तुम्ही बऱ्या असाल. आम्ही बरे आहोत. म्हणजे मी बरा आहे. बाबांचं पुढे येईलच.

पत्र बघून हसू नका. मी सातवीला दोनदा बसलेला माणूस, अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून गेल्यासारखं. फोन करता आला असता. पण तोंड उघडलं की माझ्या थापा आधी बाहेर पडतात. हात हळू चालतो, थाप सुचायच्या आत खरं लिहून होतं.

आधी किरकोळ माल. तुमच्या दुकानात डोळे तपासायचा तक्ता आहे ना, त्याच्या सगळ्यात खालच्या ओळीवर कोणीतरी बारीक अक्षरांची पट्टी चिकटवली होती, 'एवढं दिसतंय तर घरी जा.' तो कोणीतरी मी. एका आजोबांनी ते मोठ्याने वाचलं आणि खरंच उठून चालू लागले. तुम्ही त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत पळालात. मी समोर सलूनमध्ये एकाच्या गालाला साबण फासत बघत होतो, इतका हसलो की साबण त्याच्या नाकात गेला.

पण तुम्ही ती पट्टी काढली नाहीत. आठवडाभर ठेवलीत, येईल त्याला दाखवून हसत होतात. त्याचा मला जास्त राग आला.

आता राग कशाचा ते सांगतो.

आई गेली तेव्हा मी चौदाचा होतो. तेव्हापासून दर रविवारी मी आणि बाबा एक रोमँटिक कॉमेडी बघायचो. परदेशी. मारामारीचे सिनेमे बाबांना सोसत नाहीत, आणि रडके घरात नकोत असं आमचं न बोलता ठरलेलं. भाषा दोघांनाही येत नाही. पडद्याखाली आपल्या भाषेत ओळी येतात, पण बाबांना त्या दिसायच्या नाहीत, म्हणून मी वाचून दाखवायचो. माझं वाचन बैलगाडी, त्या ओळी आगगाडी. निम्मी ओळ निघून जायची. उरलेली मी मनाने भरायचो.

एकदा एक नवरा-बायको सुपाच्या पातेल्यापाशी भांडत होते. बायको बरंच काही बोलली, मला त्यातलं 'मला' एवढंच गावलं. मी ठोकून दिलं, "ती म्हणते, मला यात मूठभर मिरी घालायचीय." बाबांनी सिनेमा थांबवला, उठले, आणि आमच्या गॅसवरच्या सुपात घातली की मूठभर. कारण आमचा तोच खेळ होता, पडद्यावर जे शिजेल ते आपण शिजवायचं. सिनेमातले लोक माप सांगत नाहीत. थांबवायचं, पातेल्यात डोकावायचं आणि अंदाजाने उडी मारायची. त्या दिवशी दोघांच्या डोळ्यांतून धारा. बाबा नाक पुसत म्हणाले, "प्रेमात असंच होत असेल."

असे आठ वर्षांचे रविवार होते, काकू.

मग एकाच बाईची किल्ली बाबांकडून तीनदा चुकली आणि ते तुमच्याकडे आले. किल्ल्या बनवणाऱ्याला दिसायला पाहिजे, कबूल. पण चष्मा लावून ते पहिल्या रविवारी बसले, मी वाचायला लागलो, माझं वाक्य अर्ध्यात आणि बाबा हसले. पडद्याकडे बघून. माझ्याकडे न बघता.

सिनेमा संपल्यावर म्हणाले, "काय रे उद्योग्या, मागचे सगळे सिनेमे तूच लिहिलेस वाटतं." प्रेमानेच म्हणाले. वर म्हणाले, "आता तू निवांत बघ. वाचायचा त्रास नको तुला."

त्रास, म्हणे. तुमच्या दोन काचांनी माझी आठ वर्षांची नोकरी घालवली.

तेवढ्यावर भागलं नाही, तुम्ही स्वतःच रविवारी आमच्या घरी यायला लागलात. सोबत मापाचे चमचे. पीठ घेऊन वरून सुरी फिरवून सपाट करायचात, जसं काही कोणी तपासायला येणार आहे. पहिल्याच फटक्यात सफरचंदाचा केक फुगला. बाबा तीनदा "वा" म्हणाले, मी मोजलं. मला आठ वर्षांत "खाण्यासारखं झालंय" याच्या वर काही मिळालेलं नाही. आणि मला काम काय, तर कांदे सोल. केकच्या दिवशीसुद्धा कांदे.

तुम्ही दोघं एकाच विनोदाला एका वेळी हसायचात. माझी ओळ वाचून होईस्तोवर तो शिळा झालेला असायचा. मी मागाहून एकटाच हसायचो. मग एका रविवारी तुम्ही बाबांना हळूच म्हणालात, "थांबवते हं जरा, त्याला वाचू दे."

तुम्ही चांगल्या मनाने म्हणालात. ते कळत होतं म्हणूनच तर आग झाली.

आता मुद्द्यावर येतो. एवढा वेळ कांदेच सोलत होतो.

महिन्यापूर्वी, शनिवारी, मी तुमच्या दुकानात आलो आणि म्हणालो, "बाबांनी निरोप दिलाय, उद्यापासून येऊ नका. त्यांना आईची आठवण होते." बाबा असं काही म्हणाले नव्हते. आईला तर असले सिनेमे बघून झोप यायची. नंतर घरी जाऊन बाबांना सांगितलं, "काकू म्हणाल्या, गिऱ्हाइकाच्या घरी सारखं येणं बरं दिसत नाही." हेही तुम्ही म्हणाला नव्हतात. दोन्ही निरोप माझ्याच कारखान्यातले.

हे मी सिनेमातूनच उचललं. प्रत्येक सिनेमात शेवटाच्या जरा आधी असा एक घोळ होतो. मग दोघं भांडतात, भांडता भांडता खरं बाहेर येतं, दहा मिनिटांत सगळं ठीक. माझा हिशोब तोच होता. तुम्ही सोमवारी तणतणत बाबांच्या दुकानावर जाल, मी पकडला जाईन, चार धपाटे खाईन, विषय संपेल. आजवरच्या माझ्या सगळ्या खोड्या पकडल्या गेल्यात. पकडली गेली नाही तर ती खोडी कसली?

पण तुम्ही दोघं सभ्य निघालात. तुम्ही मला म्हणालात, "बरोबर आहे त्यांचं. सांग, काळजी घ्या." बाबा म्हणाले, "असं म्हणाल्या? बरं." आणि खलास. कोणी भांडायलाच गेलं नाही. चार रविवार झाले.

पहिल्या रविवारी बाबांनी चष्मा डबीत घातला आणि म्हणाले, "वाच रे तू." म्हणजे मी जिंकलो. वाचलं, काय काय थापा घातल्या, तुम्हाला सांगतो, एक तर इतकी झकास होती. बाबा हसले नाहीत. स्वयंपाकाचा प्रसंग आला, सिनेमा थांबवला नाही. आम्ही ब्रेड खाल्ला. पुढचे दोन रविवार तेच, फक्त एकदा ब्रेड जळलेला.

कालच्या सिनेमात ती बाई त्याला विचारते, "मी तुला एकदा विचारायला हवं होतं का?" ही ओळ बराच वेळ पडद्यावर होती, मला अख्खी वाचता आली. दुसरं काही घालावं म्हटलं तर डोक्यात काही येईना. आहे तशी वाचली.

बाबांनी चष्म्याची डबी उघडली, परत मिटली. मग म्हणाले, "ती विचारायलाच घाबरत असेल."

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी साडेपाचला या. 'तुम्ही दोघं बघा, मी बाहेर जातो' असं लिहिणार होतो, शहाणी मुलं लिहितात तसं. पण मला जायचं नाही. मी मधल्या खुर्चीवर बसणार आणि तोंड वाकडं असणार. तुमचा केक चांगला झाला तरी लगेच चांगला म्हणणार नाही. माझ्या पोटात अजून दुखतं, हे लिहितानाही दुखतंय. पण बाबा गप्प असले की त्याहून जास्त दुखतं.

बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. हे तुमच्या शटरखालून सरकवलं की तिथून सरळ त्यांच्या दुकानावर जाणार. तुम्हाला आधी सांगितलं, कारण तुम्ही रागवाल, आणि ते मला सोसेल. बाबा रागवायचे नाहीत. हातातली किल्ली बाजूला ठेवतील आणि विचारतील, "जेवलास का?"

तुमचा, असं लिहायला अजून हात वळत नाही, म्हणून

बाबांचा,
उद्योगी