तुझ्या डोकेदुखीचा किस्सा

नारायणगाव

प्रिय तेजू,

फोनला हात लावत नाहीस, म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून मी सहीशिवाय काही लिहिलेलं नाही, तेव्हा तुझ्या दादाच्या अक्षराला हसायचं तर खुशाल हास. तिकडे आणे गावात थंडी पडली असेल. धोंडामावशीचा गुडघा कसा आहे? इकडे टोमॅटोला यंदा बरे दिवस आहेत. प्राची चौथीत गेली. बडबडीत थेट आत्यावर गेली आहे, असं तुझी वहिनी म्हणते.

आपल्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसला तेव्हा भाडं येणार म्हणून तुला सोडून घरात सगळे खूश होते. पंधरा दिवसांत तू म्हणायला लागलीस की डोक्यात भणभण होते, झोप लागत नाही. त्याच छपराखाली आम्ही ढाराढूर झोपत होतो. मला काही होत नाही म्हणजे तुलाही होत नाही, एवढंच माझं शहाणपण. भरल्या ताटावर मी तुला नाटकं बंद कर म्हणालो. मावशी आली होती, तीच काय ती चिडली. "पोरीला लई त्रास व्हतोय आन् तू दात काय काढतोस?"

मग पुण्याच्या त्या मॅडम आल्या. मोबाइलच्या सूक्ष्मलहरींनी माणसाच्या मेंदूच्या लहरींत फरक पडतो का, हे बघायला त्यांना माणसं हवी होती. तुझं तोंड बंद होईल म्हणून मी आपल्या दोघांची नावं दिली. वायरींची टोपी, केसांत तो चिकट लेप, डोळे मिटून पडून राहायचं. कानाशी यंत्र, कधी चालू, कधी बंद, आपल्याला न सांगता. तू दर वेळी म्हणालीस, आता चालू आहे. निम्म्या वेळा ते बंद होतं, हे मॅडमनी शेवटी सांगितलं. परत येताना गाडीत मी पोट धरून हसलो. तू खिडकीबाहेर बघत होतीस.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी मार्केटात गेलो. लिलाव सुरू होईपर्यंत आम्ही सगळे क्रेटवर बसून गप्पा हाणतो, तिथे मी हा किस्सा नकलेसकट सांगितला. बंद यंत्रानं आमच्या बहिणीचं डोकं दुखतं म्हणून. माणसं लोळायची बाकी राहिली. त्यांत आदेशचे मामा होते, ज्या आदेशच्या घरी मंचरला तुझी सुपारी फुटायची होती. ते मला दिसत होते, तरी मी थांबलो नाही. आठवड्यात निरोप आला, "पोरीच्या डोक्याचं आधी बघा, राव." तुला मी पत्रिका जमत नाही असं सांगितलं. ते खोटं होतं, तेजू. तुझं लग्न माझ्या जिभेनं मोडलं. त्यानंतर महिन्याभरात तू पिशवी भरलीस आणि मावशीकडे निघून गेलीस.

गेल्या वर्षी मॅडमचे कागद आले. तुझ्या लहरींत काहीच फरक नव्हता. खरं सांगतो, मला आनंद झाला. मग माझा कागद वाचला. यंत्र चालू झालं की माझ्या लहरी बदलत होत्या. ज्याला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं, त्याच्या! मी फोन केला. मॅडम म्हणाल्या, सगळ्यांची सरासरी काढली की फरक दिसत नाही, एकेक माणूस बघितला की काहींत दिसतो, काहींत नाही. बदलल्या म्हणजे आजार नव्हे. आणि बदलल्या नाहीत म्हणून तुमच्या बहिणीचं दुखत नव्हतं, असंही हे यंत्र सांगू शकत नाही. माझ्याच डोक्यात काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता, आणि मी तुझ्या डोक्याचा निवाडा करत होतो. लाजेनं वर्षभर तुला कळवलं नाही.

परवा दुपारी प्राची शाळेतून आली ती दप्तरासकट माझ्याजवळ बसली. म्हणाली, "पप्पा, आत्याचं दुखायचं तसं माझं डोकं दुखतंय. तुमी हसू नका." मी हसलो नव्हतो गं. तरी तिनं आधीच सांगून ठेवलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. टॉवर काढायचा अर्ज दिलाय, पण त्याचाच हा त्रास आहे का, हे कोणीच सांगत नाही. पोर माझ्या तोंडाकडे बघते. तूही अशीच बघायचीस. तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं, तेवढं लिहून कळव. तुला म्हणायचं राहून गेलं, तिला तरी वेळेवर म्हणेन.

तुझाच,
सुभाषदादा