रोझमेरीचा खालचा गोळा

नांद्रे, भाद्रपद वद्य तृतीया

श्रीमान धनपाल दाजी यांच्या सेवेशी, आदगोंडाचा सविनय जय जिनेंद्र.

महाबळेश्वरचा पाऊस आवरत आला असेल आणि तुमचे गुडघेही ताळ्यावर असतील, अशी आशा आहे. आम्ही खुशाल. आक्काची (तुम्हाला पत्नी, मला थोरली बहीण, दोघांनाही साहेब) प्रकृती विचारत नाही, कारण ती रोज फोनवर माझी विचारते, आणि माझ्याआधी रोझमेरीची. तुमचा फोनही तीच उचलते, म्हणून हे पत्र तुमच्या लॉजच्या पत्त्यावर, खास तुमच्या नावाने घातले आहे.

तुमच्या डोंगरावरच्या पावसात कुजू नये म्हणून आक्काने जूनमध्ये ते रोझमेरीचे झाड चातुर्मासाला आमच्याकडे धाडले. काठीसारखे खोड, खाली कलिंगडाएवढा पानांचा गोळा, वर नारळाएवढा. पाच वर्षे नखे कापायच्या कात्रीने तिने तो आकार आणला, आणि दिवाळीच्या हंगामात ते लॉजच्या दारात उभे राहणार, हे मला तोंडपाठ आहे. अडचण एवढीच की आम्ही उसवाले. हिरवे दिसले की पाणी सोडायचे. सौ. गुणमालाने पहिल्याच आठवड्यात त्याला इतके पाजले की पाने काळी पडू लागली. मी म्हटले, याला उपास मानवतो. ती म्हणाली, "मग ठेवा की तुमच्याच शेजारी. दोघं मिळून करा." तेव्हापासून कुंडी सोप्यात, माझ्या जपाच्या पाटाजवळ आहे. (जपात मन लागत नाही. वास फार चांगला येतो.)

पाण्याचे जमले, छाटणीचे अडले. आक्काचा हुकूम दर पंधरा दिवसांनी कात्री लावायचा, आणि मध्येच दशलक्षण पर्व आले. ते दहा दिवस आपण पान तोडत नाही, तोडवत नाही आणि दुसऱ्याने तोडले तर बरे झाले असेही म्हणत नाही. हे झाडाला कोणी सांगितले नव्हते. सातव्या दिवशी दोन्ही गोळ्यांना दाढी फुटली. त्यात शेजाऱ्यांची हजामत उरकून यल्लाप्पा न्हावी घटकाभर टेकायला आला.

"आवं अण्णा, लय वाढलंय की डोस्कं ह्याचं. भादरू का?"

हो म्हणावे तर पर्वात करवल्याचे पाप, नाही म्हणावे तर आक्का.

"न्हाई म्हणत न्हाईसा म्हंजे व्हय," असे म्हणून त्याने खोडाला पंचासुद्धा गुंडाळला. "गिऱ्हाईक लय गुणाचं हाय. मान हलवत न्हाई, राजकारण बोलत न्हाई."

मी डोळे मिटून णमोकार म्हणत राहिलो. (एक डोळा किंचित उघडा होता.)

परिणाम असा की वरचा नारळ नारळच राहिला, पण खालच्या कलिंगडाची मोसंबी झाली. झाड चुकून उलटे लावल्यासारखे दिसते. यल्लाप्पाचा हात माणसांना बसलेला, त्याला काय बोलायचे? व्हिडिओ कॉलवर मी वरचाच गोळा दाखवतो. खालचा दाखव म्हटले की आमच्याकडची रेंज जाते. तेव्हा आक्काला तुम्ही सवडीने, जेवण झाल्यावर, समजावून सांगावे, आणि भाच्याला गाडी घेऊन पाठवावे. झाड बांधून ठेवतो.

वर्षभरात मनाने, वचनाने, कायेने तुम्हाला दुखावले असेल, तर उत्तम क्षमा असावी.

आपला मेहुणा,
आदगोंडा

ता. क. यल्लाप्पाने फक्त वरचा गोळा केला. तो सुरेख आहे. खालच्याला हात लावण्याआधीच त्याला दुसरीकडून बोलावणे आले. पर्व संपल्यावर खालचा मी केला. डावीकडून जरासा, मग बरोबरी साधायला उजवीकडून जरासा, मग पुन्हा डावीकडून. क्षमा मागायच्या पत्रात खोटे लिहिले, म्हणून वरची क्षमा दुप्पट धरावी.

आणखी एक. आक्का, लॉजचे टपाल तूच फोडतेस, हे मला पाकिटावर तिकीट चिकटवतानाच ठाऊक होते. भाच्याला पाठवू नकोस, तू ये. तीन वर्षे झाली माहेरी येऊन. खालचा गोळा पूर्ववत व्हायला वर्ष तरी जाईल, असे नर्सरीवाला म्हणतो. तोवर राहिलीस तरी आमची हरकत नाही. फक्त फार उशीर करू नकोस. वरचा गोळा आता खालच्यापेक्षा मोठा दिसतो, आणि कात्री माझ्याकडेच आहे.